हळदीचा वास आणि अडीच हजारांची बाटली

काकू, मी २९ वर्षांचा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे, आजोबांपासून. घर यार्डाच्या मागच्याच गल्लीत. साताऱ्याचं एक स्थळ आलंय, मुलगी बँकेत आहे. दोन्ही घरांना पसंत आहे, पण आम्ही दोघांनी अजून होकार दिलेला नाही. पहिल्या भेटीला हरिपूरला संगमावर गेलो होतो. गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली, 'हळदीचा वास येतोय ना?' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मी दोन-दोनदा आंघोळ करतो. दुसऱ्या भेटीला मी साताऱ्याला गेलो. निघताना डिओ मारला, कऱ्हाडला चहाला थांबलो तेव्हा परत मारला, गाडीत नवीन परफ्यूम लटकवला. कास रोडला निघालो, तर यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत तिला सात-आठ शिंका आल्या. तिनं काच खाली केली, ओढणी नाकाला लावली आणि डोकं दुखतंय म्हणून घरी सोडायला सांगितलं. म्हणजे एवढं करूनही हळद काही जाईना. आता मित्रानं ऑनलाइन फेरोमोनचं एक परफ्यूम दाखवलंय, २,४९९ रुपयांचं. लावलं की मुली आपोआप ओढल्या जातात असं लिहिलंय. घेऊ का? तिसरी भेट पुढच्या रविवारी आहे.
– हळदवाला, सांगली

अरे हळदवाल्या,

नको घेऊस. रविवार जवळ आला असेल म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. का नको, ते सावकाश वाच.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा जरा वाईट वाटलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तू स्वतःच पत्रात लिहून ठेवलंयस, फक्त हिशेब उलटा मांडलायस. व्यापाऱ्याच्या मुलानं असं करू नये. बघ: पहिल्या भेटीत गाडीत हळदीचा वास होता. ती शिंकली का? तसं तू लिहिलेलं नाहीस. काच खाली केली? नाही. संगमापर्यंत आली, बसली, आणि पुढे दुसऱ्यांदा भेटायलाही तयार झाली. दुसऱ्या भेटीत डिओ होता, त्यावर परत डिओ होता, आरशाला लटकवलेली ती वासाची बाटली होती आणि काचा बंद. त्या दिवशी ती शिंकली, डोकं धरलं आणि लवकर घरी गेली. आता सांग, माल कुठला खराब निघाला?

उग्र वासानं अनेकांना शिंका येतात, अनेकांची अर्धशिशी उठते. बंद गाडी, घाटाची वळणं आणि तीन वास एकात एक मिसळलेले. यवतेश्वरपर्यंत ती टिकली हेच खूप झालं म्हणायचं.

आता तू कऱ्हाडला परत का मारलास ते सांगते, कारण त्यात चूक तुझी कमी आणि नाकाची जास्त आहे. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत मेंदू त्याची दखल घेणं बंद करतो. ही सोयच आहे, नवीन वास आला तर कळावा म्हणून. पण त्यामुळे स्वतःचा वास स्वतःला येत नाही. पेठनाक्यापर्यंत तुला डिओचा वास येईनासा झाला असणार. तुला वाटलं, उडाला. तो उडाला नव्हता, तुझं नाक थकलं होतं. म्हणून एक नियम लक्षात ठेव. दोन तासांनंतरही स्वतःचं अत्तर स्वतःला ठसठशीत येत असेल, तर शेजारच्या माणसाचे हाल चालले असं समजायचं.

हळदीचंही तेच. फेब्रुवारीपासून यार्डात पोती लागतात, सौदे सुरू होतात, कांडी-गड्डा हातात घेऊन मोडून बघतात, पॉलिशची पिवळी धूळ पापण्यांवर बसते. त्यात तू लहानाचा मोठा झालास. तुला हळदीचा वास येणारच नाही. म्हणून तिचं वाक्य तुला एवढं लागलं. ती तुझ्या घरातली अशी एक गोष्ट बोलली, जी घरातल्या कुणालाच दिसत नाही.

पण ती नेमकं काय बोलली? 'हळदीचा वास येतोय ना?' आपल्या भाषेत वास येतो, वास सुटतो आणि वास मारतो ही तीन वेगळी वाक्यं आहेत. नाक मुरडायचं असतं तर तिनं 'मारतोय' म्हटलं असतं किंवा, साताऱ्याची शिकलेली मुलगी, काहीच म्हटलं नसतं आणि घरी जाऊन आईला सांगितलं असतं. तिनं शेवटी 'ना?' लावलं. म्हणजे तुझ्याकडून तिला काहीतरी ऐकायचं होतं. हळदीच्या व्यापाऱ्याच्या गाडीत बसल्यावर बोलणं सुरू करायला यापेक्षा सोपी वाट कुठली? तू सांगू शकला असतास की हरिपूरला एवढ्यातच हळदीची पेवं होती, जमिनीखाली मोठमोठ्या विहिरींसारखी, आजोबा त्यांत माल ठेवायचे आणि २००५ च्या पुरात बहुतेक निकामी झाली. तुम्ही तर तिथेच चालला होतात! तू मात्र मेल्याहून मेल्यासारखा झालास.

बरं, आता त्या बाटलीकडे येऊ.

फेरोमोन म्हणजे एका प्राण्याच्या अंगातून सुटून त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याचं वागणं बदलणारा पदार्थ. हा शब्द १९५९ सालचा. त्याच वर्षी जर्मनीतल्या आडोल्फ बुटेनांट या रसायनशास्त्रज्ञानं रेशमाच्या पतंगाच्या मादीतून असा पहिला पदार्थ वेगळा केला. वीसेक वर्षं काम चाललं होतं आणि त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या, तेव्हा कुठे काही मिलिग्रॅम हाती आले. त्याचा किंचित अंश हवेत असला तरी नर पंख फडफडवत मादीच्या दिशेनं निघतो. विचार नाही, पसंती नाही, पत्रिका नाही. जाहिरातवाल्यांना हेच माणसांत हवंय.

माणसांत मात्र असा एकही पदार्थ आजवर सिद्ध झालेला नाही. शोध भरपूर झाला, अजूनही चालू आहे. अनेक प्राण्यांच्या नाकात फेरोमोन ओळखायला एक वेगळा अवयव असतो. माणसात त्याची नुसती खूण उरली आहे, तिथून मेंदूकडे जाणारी तार नाही. मग अशा बाटल्यांत घालतात काय? त्यांतल्या काहींमध्ये अँड्रोस्टेनोन नावाचं रसायन असतं. ते डुकराच्या नराच्या लाळेत सापडतं. डुक्करपालनाच्या धंद्यात त्याचा फवारा मिळतो. तो मारल्यावर मादी जागच्या जागी ताठ उभी राहिली, तर ती माजावर आली आहे असं समजतात. वराहपालनासाठी चांगली सोय आहे, मी नाव ठेवत नाही. पण तुला साताऱ्याची मुलगी बघायची आहे.

गंमत पुढे आहे. हा वास सगळ्यांना सारखा येतच नाही. काहींना तो गोडसर, व्हॅनिलासारखा वाटतो, काहींना लघवीसारखा आणि काहींना अजिबात येत नाही. हे काही अंशी ज्याच्या त्याच्या जनुकावर अवलंबून असतं, आणि २००७ साली ते जनुकही सापडलं. म्हणजे २,४९९ रुपये देऊन तू चिठ्ठी टाकणार, आणि तिच्या नाकात काय निघेल ते तुला कळणारही नाही.

मग वासाचा आणि ओढीचा काहीच संबंध नाही का? आहे. त्याशिवाय मी एवढं लिहिलंच नसतं. पण तो बाटलीत भरण्यासारखा नाही.

१९९५ साली स्वित्झर्लंडमधल्या क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ तरुणांना सुती टी-शर्ट दिले. दोन रात्री तोच घालून झोपायचं. अत्तर नाही, सुगंधी साबण नाही, मसालेदार खाणं नाही. मग ४९ तरुणींनी ते शर्ट हुंगून कुठला वास बरा ते सांगितलं. रोगप्रतिकारशक्तीची जनुकं ज्यांची आपल्याहून वेगळी, त्यांचा वास त्यांना जास्त आवडला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये कल उलटा दिसला. हा प्रयोग इतका गाजला की परदेशात लोक एकमेकांचे शर्ट हुंगायच्या पार्ट्या करू लागले. पुढे अनेकांनी तसेच प्रयोग करून पाहिले. कुणाला तसंच आढळलं, कुणाला नाही. तेव्हा यावरून कुणी तुला 'बघा, आपले पूर्वज सगोत्र का टाळायचे' असं सांगू लागलं, तर चहा पाज आणि विषय बदल.

मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं. त्या शर्टांना अत्तर नव्हतं. माणसाला माणसाचा म्हणून एक वास असतो, कुणाला तो भावतो, कुणाला नाही, आणि का ते दोघांनाही सांगता येत नाही. तो तू तिसऱ्या भेटीतही डिओखाली गाडलास, तर तिला तुझा वास आवडतो की नाही हे कळणार कधी?

आंघोळ करू नकोस असं मी म्हणत नाहीये, उगाच आईकडून मला बोल लावशील. घाम ताजा असताना त्याला जवळजवळ वास नसतो. काखेत वेगळ्या ग्रंथी असतात, त्यांच्या घामावर जिवाणू ताव मारतात आणि वास तिथे तयार होतो. म्हणून काख नीट धुवावी, तुरटी फिरवली तरी चालते. वर नुसता सुगंध मारून जिवाणू तिथेच राहतात, फक्त आता त्यांच्यावर गुलाब असतो. आणि शर्ट सुती घाल. पॉलिएस्टरमध्ये घामाचा कुबट वास जास्त धरून राहतो, मग तो कितीही ब्रँडेड असला तरी.

आमच्या घरची गोष्ट सांगते. माझं लग्न १९८४ सालचं. आमचे हे सांगलीत छापखान्यात होते, अक्षरांचे खिळे जुळवायचे. संध्याकाळी शाई लागलेले खिळे रॉकेलनं धुवायचे, मग हात रॉकेलनं, मग लाल साबणानं, मग लिंबाच्या सालीनं. नखांच्या कडेनं शाईची काळी रेघ राहायची ती राहायचीच. एवढं करून नव्या बायकोला वास येऊ नये म्हणून मानेवर, गळ्यावर, मनगटापर्यंत गुलाबाची टाल्कम पावडर थापायचे. रॉकेलवर गुलाब! मला ताटावर मळमळायचं. सासूबाईंना वेगळंच वाटलं आणि त्यांनी खुशीत शेजारणीला सांगूनही टाकलं. तिसऱ्या महिन्यात मी धीर करून म्हटलं, "अहो, ती पावडर तेवढी लावू नका." ते म्हणाले, "मग रॉकेलचा वास येईल." मी म्हटलं, "येऊ दे की, तो तुमचा आहे." त्यानंतर डबा माझ्या सासऱ्यांनी संपवला.

छापखान्यात ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले, घरातला रॉकेलचा स्टोव्हही गेला. आता कुणी रंगाचा ब्रश धुवायला टर्पेंटाइनचं झाकण उघडलं, की मी पोळी तव्यावर टाकून मागे वळून बघते. ते आपले बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असतात. इतर इंद्रियांच्या खबरा मेंदूत आधी एका चौकीवर थांबतात. वासाची मात्र जवळजवळ थेट भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांत शिरते. कॅनडात व्हँकुव्हरला ९६ जोडप्यांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. बायकांना जोडीदाराचा वापरलेला शर्ट हुंगायला दिला तेव्हा त्यांना ताण कमी जाणवला. अनोळखी पुरुषाचा शर्ट दिला तेव्हा शरीरातलं ताणाचं संप्रेरक वाढलेलं दिसलं. वास तोच पुरुषी घामाचा. ओळख झाली की निवारा, नाही तर परका माणूस.

तेव्हा वासानं माणूस ओढून आणता येतो असं मला वाटत नाही. आलेला माणूस मात्र वासाशी बांधला जातो, आणि त्याला वेळ लागतो. तुझ्या दोनच भेटी झाल्यात रे!

आणि तरीही तुला काहीतरी लावायचंच असेल, तर लाव. त्याचा फायदा होतो, पण तुला वाटतो तसा नाही. इंग्लंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही तरुणांना चांगला सुगंधी स्प्रे दिला, काहींना सुगंध काढून घेतलेला. मग त्यांचे व्हिडिओ बायकांना दाखवले, आवाज बंद करून. वास अर्थातच पडद्यातून येत नव्हता. तरी सुगंध लावलेले तरुण त्यांना जास्त आकर्षक वाटले. कारण ते स्वतःला बरं वाटून बसले होते, मान वर होती. अत्तर काम करतं ते लावणाऱ्यावर. तुझ्या डिओनं नेमकं उलटं केलं. तू सगळा रस्ता स्वतःला हुंगत बसलास.

मिरजेला जा. मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात अत्तरवाले असतात. घाई करू नकोस आणि कागदाच्या पट्टीवर हुंगून तर मुळीच घेऊ नकोस. मनगटाच्या आतल्या बाजूला काडीनं एक थेंब, मग तासभर बाजारात भटक, चहा पी. लावल्या लावल्या जो वास येतो तो अत्तराचा, तासानं जो उरतो तो तुझा आणि अत्तराचा मिळून. प्रागमधल्या संशोधकांना असं आढळलंय की माणूस स्वतःसाठी जे अत्तर निवडतो ते त्याच्या अंगच्या वासाशी, दुसऱ्यानं हातात दिलेल्या अत्तरापेक्षा, चांगलं जुळतं. म्हणून मित्राची निवड नको, माझीही नको. फक्त एवढं सांगेन की मेच्या उन्हात हिना अंगावर येतो, वाळा बसतो. आणि अंगावर हळद मुरलेली असताना गुलाब नको, त्याचा अनुभव वर दिलाय. हळदीचा वास उबदार, जरासा मातकट, आल्याच्या कुळातला. त्याच्या शेजारी वाळा किंवा चंदन शांतपणे बसतात.

आणि एकच थेंब. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचा पदार्थ असतो. किंचित असतो म्हणून मोगरा मोगरा आहे. तोच पदार्थ भरपूर प्रमाणात कुठे सापडतो ते जेवणाच्या वेळी सांगता येत नाही. प्रमाणाबद्दल यापुढे मला काही लिहायचं नाही.

हळदीचं म्हणशील, तर दुकानाचे कपडे दुकानातच ठेव, घरी येताना बदल. डागाची काळजी करू नकोस, हळदीचा पिवळा रंग उन्हात वाळत घातला की उडतो. वास मात्र रंगात नसतो, तेलात असतो, आणि ते तेल कापडात, सीटच्या स्पंजमध्ये मुरतं. गाडीची डिकी उघडून बघ. तिथे नमुन्याच्या पिशव्या आणि एखादं रिकामं पोतं पडलेलं असणार, पैज लावते. ते काढ, लटकवलेली बाटली काढ, दोन दिवस दारं उघडी टाकून गाडी उन्हात ठेव. झालं.

सगळा वास जाणार नाही. आणि इथेच तुझ्या पत्रातला खरा प्रश्न आहे, जो तू विचारलेलाच नाहीस. घर यार्डाच्या मागे आहे. तिनं होकार दिला, तर तिचं अंथरूण, केस, तिचा बँकेत न्यायचा डबा, सगळ्याला फेब्रुवारी ते मे हळदीचा वास असणार. एका रविवारी तो लपवून काय साधणार? धुळीचा त्रास हा खराच त्रास असतो. तिला दमा असेल, धुळीची ॲलर्जी असेल, तर ते आत्ताच कळायला हवं, म्हणजे घर कुठे घ्यायचं यावर दोघांना बोलता येईल. आणि नुसताच आवडत नसेल, तर तेही तिला म्हणता आलं पाहिजे. तू डिओ मारत राहिलास तर ती शिंकत राहील आणि डोकं दुखतंय म्हणत राहील. दोघंही खोटं बोलत नाही आहात, पण खरंही कुणी बोलत नाही.

लाज तर सोडच. ज्या हळदीला सांगलीच्या नावानं २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा वास तू डिओखाली दडवतोयस. आणि गंमत बघ, हे लग्न ठरलंच, तर आदल्या दिवशी पाच सवाष्णी तुला नखशिखांत तीच हळद फासणार आहेत आणि तुझी उष्टी हळद वाटीत घालून साताऱ्याला तिला लावायला धाडणार आहेत. तेव्हा कुठला डिओ मारशील?

रविवारी काचा उघड्या ठेव. घाट लागायच्या आधी, म्हणजे तिला पाहिजे तर उतरता येईल अशा ठिकाणी, तिला विचार: "त्या दिवशी तुम्हाला माझ्या परफ्यूमचा त्रास झाला का? आणि हळदीचा होतो का?" एवढीच दोन वाक्यं. आधी माफी नको, मध्ये स्पष्टीकरण नको. विचारून गप्प बस, तिला बोलू दे.

काय म्हणाली ते कळव. 'हो, होतो' म्हणाली तरी कळव. आणि पुढच्या वेळी यार्डातून येताना अर्धा किलो राजापुरी आण, दळलेली नको, कांडी. यंदाची अजून भरायची राहिलीय.

– काकू